ताणून बसवलेला टायर घासत नाही, पण का?

खाली बसवलेल्या गाडीला मोठी अलॉय लावताना टायर घासू नये म्हणून ‘हमखास उपाय’ सांगणारा एक मेसेज फिरतो आहे. काल तो भाच्याने मला पाठवला, वर लिहिलं, “मामा, रविवारी करून घेतो.” म्हणून घाईने लिहितोय. मेसेज चार गोष्टी सांगतो: रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवा, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) बघत न बसता स्पेसर (चाकामागे बसवायची चकती) लावा, मडगार्डची आतली कड दुमडून घ्या, उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघा, घासलं नाही की झालं.

पहिला उपाय सगळ्यात घातक. मेसेजमधलंच उदाहरण घेतो: मूळ टायर 205/55 आर 16 (रुंदी 205 मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची), त्याजागी 205/40 आर 17, तोही 9 इंची रिमवर. हा टायर घासणार नाही, हे खरं आहे. पण मूळ टायरचा व्यास सुमारे 632 मिमी, नव्याचा 596. चाक मोठं झालंच नाही, उलट लहान झालं! गाडी आणखी 18 मिमी खाली गेली, आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा सुमारे 6 टक्के जास्त वेग दाखवणार.

टायर-रिमच्या मापांची युरोपीय मानकं ठरवणाऱ्या ईटीआरटीओच्या तक्त्यात 205/40 साठी रिम 7 ते 8 इंचांची आहे. 9 इंच म्हणजे जवळपास 229 मिमी. त्यावर 205 चा टायर चढवला की साइडवॉल आत कलते आणि रिमची कड उघडी पडते. खड्ड्याचा पहिला दणका तिलाच. हवा थोडी कमी असताना वळणावर जोर आला तर टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी कड, रिमवरून सुटू शकते, आणि मग हवा क्षणात जाते. शिवाय लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा: मूळ टायरचा 91, म्हणजे 615 किलो. 205/40 आर 17 एक्सएल (जास्त वजन पेलणारा प्रकार) घेतला तरी 84, म्हणजे 500. दर चाकामागे 115 किलो कमी, आणि त्याच गाडीत मागे आई-बाबा बसणार. हा आकडा टायरवरच छापलेला असतो, तेवढा तरी वाचायचा होता.

स्पेसर चाक बाहेर ढकलतो. टायर आत शॉकअपला घासत असेल तर तो कामाचा, एवढं मान्य. पण मूळ रिम 6.5 जे, ईटी 45 (म्हणजे 6.5 इंच रुंद, ऑफसेट 45 मिमी) आणि नवी 9 जे, ईटी 35 असेल तर रिमची कड आधीच 42 मिमी बाहेर आणि 22 मिमी आत सरकलेली असते. त्यावर 15 मिमीचा स्पेसर लावला की बाहेर 57. शिवाय स्टड (चाकाचे नट बसतात ते बोल्ट) तेच ठेवले तर नटला पुरेसे आटे मिळत नाहीत.

कड दुमडण्याचा सल्ला बरोबर आहे. फक्त रंग हीट गनने गरम करून, सावकाश; तडकला की तिथूनच गंज धरतो.

उभ्या गाडीतल्या चाचणीला अर्थ नाही. टायर घासतो तो गाडी भरलेली असताना, वळणात खड्डा लागून सस्पेंशन दबल्यावर. खरी चाचणी करायची तर स्प्रिंग काढायची, जॅकने चाक बंप स्टॉपला (सस्पेंशन जिथे दबायचं थांबतं त्या रबराला) टेकेपर्यंत उचलायचं, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिक) आणि मडगार्डपासूनचं अंतर मोजायचं.

भाच्याला मी 7.5 जे, ईटी 45 रिमवर 225/45 आर 17 सुचवलाय. व्यास 634, लोड इंडेक्स 91, रिम दोन्हीकडे साधारण 13 मिमी वाढते. ते 13 मिमी त्याच्या गाडीत मावतात का, हे रविवारी स्प्रिंग काढून बघू.