रात्री दोन वाजता आयसीयूतला पेशंट बाहेर कसा काढणार?

कुणाला भेटायला दवाखान्यात गेलो की मी आधी दुसरा जिना शोधतो. आग विझवायचा भिंतीवरचा लाल सिलिंडर सगळीकडं असतो, तपासणीला आलेल्यांना तोच दाखवतात. जिन्यात मात्र मोडक्या कॉट, जुन्या फायलींचे गठ्ठे, नाहीतर दाराला कुलूप. हे बघून मला खरंच राग येतो.

कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलमध्ये ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरात आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर आग लागली तेव्हा नवजात बाळांच्या कक्षात १७ बाळं होती. त्यातली ७ वाचली. दोन्ही वेळा रात्रच होती. रात्री वॉर्डात असतात एक-दोन सिस्टर आणि एखादा वॉर्डबॉय.

व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट हलवायचा तर एकानं अँबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) सतत दाबत राहायची, एकानं ऑक्सिजनचा सिलिंडर धरायचा आणि उचलायला आणखी दोघं-तिघं. लिफ्ट वापरायची नाही. म्हणून पेशंटला थेट खाली न नेता आधी त्याच मजल्यावर, धूर अडवणाऱ्या दारापलीकडच्या वॉर्डात सरकवायचं असतं. असं दार आपल्या किती दवाखान्यांत आहे? ऑक्सिजनची लाइन चालू ठेवली तर आग भडकते, बंद केली तर बाकीच्यांचा श्वास थांबतो. तो व्हॉल्व्ह कुठं आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे धुरात उभं राहून ठरवता येत नाही. त्यासाठी तालीम हवी, तीही रात्रपाळीच्या माणसांना घेऊन. सकाळी अकराला फोटोग्राफर बोलावून केलेल्या तालमीचा काडीचा उपयोग नाही.

आणि नातेवाईक? प्रत्येक कॉटजवळ आपलं एक माणूस रात्रभर बसलेलं असतं. आपल्या बेळगाव भागात खानापूरहून, चंदगडहून आलेलं. ॲडमिशनच्या वेळी डिपॉझिट सांगतात तसं त्याला बाहेर पडायची वाटही दाखवा, कन्नड आणि मराठी दोन्हींत. त्या रात्री पहिला हात त्याचाच लागणार आहे.

आता पावसाचं बोलतो, कारण आपल्याकडं खरी परीक्षा पुराची असते. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि निपाणीचा कोल्हापूरशी संबंध तुटला. चिकोडी तालुक्यातले सखल पूल तर दरवर्षी बुडतात. मिरजेला डायलिसिसला जाणाऱ्यानं आठवड्यातून दोन-तीनदा जायचं कसं? खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. पाणी चढल्यावर बोट पाठवणं ही तयारी नव्हे. डायलिसिसवाले आणि दिवस भरत आलेल्या बायका यांची गाववार यादी आशाताईंच्या मदतीनं मे महिन्यातच करता येते. पाणी वाढायच्या आत त्यांना दवाखान्याजवळ हलवता येतं. आणि निपाणीचा पेशंट कोल्हापूरला पोचत नसेल तर बेळगावात त्याला कुठं बेड मिळेल, चंदगडचा रस्ता तुटला तर तिकडचे कुठं जातील, हे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलावर बसून लिहून ठेवावं. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. या बैठकीला निकालाची वाट बघायची गरज नाही.