मृगाच्या तीन रेघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुमचं म्हणणं असं, की फोनने ताऱ्यांचे फोटो काढण्यावरच्या माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे शटर ३० सेकंद उघडं ठेवून गच्चीवरून मृग नक्षत्राचा फोटो काढला तर ताऱ्यांच्या अळ्या झाल्या. शिवाय, तुमच्या मते, फोनवरचे रेखीव तारे सॉफ्टवेअरने रंगवलेले असतात. पोरांना उगाच भरीला न घालता मोठा कॅमेरा घ्यायला सांगावं. सोबत फोटो जोडलात हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे.

आधी माझी चूक. ३० सेकंद हा आकडा मी लिहायलाच नको होता. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे आकाशाच्या विषुववृत्ताला लागून असल्याने त्यांची धाव सगळ्यात जास्त. ३० सेकंदांत ते पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाव भागाइतके पुढे जातात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल फोटोत ते साधारण सात पिक्सेल होतात, म्हणजे रेघ दिसणारच. लेखात आता ८ ते १० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास, असं दुरुस्त केलंय. तुमच्यामुळे ते झालं.

पण तुमचा फोटो मोठा करून बघा. तिन्ही रेघांच्या पूर्वेकडच्या टोकाला गळासारखा वळलेला बारीकसा आकडा आहे, तिन्हींना अगदी एकसारखा. तो पृथ्वीच्या फिरण्याने आलेला नाही. बटण दाबताना तुमच्या बोटाने फोन हलला, तो हलणं थांबेपर्यंत ताऱ्यांनी गिरवलेलं ते वळण आहे. तीन सेकंदांचा टायमर लावला की जातं. स्टँड नसेल तर कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरा आणि फोन तिच्यात रुतवून ठेवा. मी सुरुवातीची दोन वर्षं असंच केलं. डोक्यावरचं आकाश काढायला मला आजही तीच पिशवी बरी वाटते.

तारा बिघडला की त्याचा आकार कारण सांगतो. तो फुगून गोल टिकलीसारखा झाला असेल तर फोकस चुकलाय. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, आणि हाताने फोकसची पट्टी अनंताच्या टोकापर्यंत ओढली तर पुष्कळ फोनांत ती जरा पुढेच जाते. व्याध किंवा गुरू स्क्रीनवर मोठा करून घ्या आणि ठिपका सगळ्यात लहान दिसेल तिथे पट्टी सोडा. फक्त कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसत असतील तर तो भिंगाचा दोष. नक्षत्र मध्यावर घ्यायचं, बस. आणि लेन्स पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकटपणा असतोच.

आता रंगवण्याबद्दल. फोन फोटोवर प्रक्रिया करतो, काही फोन ती अति करतात, हे मला मान्य आहे. पण बरेच तारे निघतात ते थर रचून. गूगल पिक्सेलमध्ये २०१९ पासून आकाशासाठी वेगळी सोय आहे: १६ सेकंदांपर्यंतचे १५ फोटो, आणि ते तारे जुळवून एकावर एक बसवले जातात. हेच तुम्ही संगणकावर सिक्वेटरसारख्या मोफत प्रोग्रॅमने करू शकता. १६ फोटो रचले की दाणेदारपणा पावपट उरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही गच्ची तापलेली असते, सेन्सर गरम होऊन दाणे वाढतात, तेव्हा तर हे करायलाच हवं. शंका राहिलीच तर फोटो स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या आकाशाशी ताडून बघा. कृत्तिकांमधला एकेक तारा आपल्या जागी सापडला तर तो रंगवलेला कसा म्हणायचा?

मोठ्या कॅमेऱ्याने फोटो चांगलाच येतो, त्यावर वादच नाही. पण ज्या मुलीकडे घरातला एकच फोन आहे आणि तोही वडील रात्री कामावरून आल्यावर हातात मिळतो, तिला मी "आधी कॅमेरा घे" असं सांगणार नाही.

एक विनंती. अमावस्येच्या आसपास सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला कुणाच्या ओळखीच्या शेतात जा. शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि उत्तरेचं आकाश मोकळं मिळतं. ध्रुव आपल्याकडे खालीच, लांब केलेल्या हाताच्या वितीएवढ्या उंचीवर असतो. टायमर लावून, तेच तुमचे ३० सेकंद ठेवून तो मध्यावर घ्या. ध्रुवाजवळचे तारे जेमतेम हलतात, त्यामुळे तिथेही रेघा आल्या तर तुमचा स्टँडच हलतोय. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता पाठवला तर तो दाबला जातो आणि तो बारीक आकडा मला दिसणार नाही.