परदेशातून : मशीन आलं, सांगणारं कोण?

आमच्या घरचा आजार आईकडून आलेला. किडनीत पाण्याचे फुगे होत जातात आणि पन्नाशीच्या आसपास ती दमते. आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. आम्हा दोघाही भावांच्या वाट्याला आला. अण्णा सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, मी इंग्लंडात लेस्टरला. दोघंही आठवड्यातून तीनदा, चार-चार तास रक्त शुद्ध करणाऱ्या डायलिसिसच्या मशीनवर.

गावच्या ग्रुपवर सध्या नव्या डायलिसिस मशीनवरून जुंपली आहे. ती कुणी आणली आणि बॅनरवर कुणाचा फोटो राहिला, यावरून. मशीनचं मोल मला कळतं. २०१६ साली केंद्राची डायलिसिस योजना आली, राज्याच्या महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. त्याआधी पैसे संपले की माणूस मुकाट घरी येऊन पडायचा.

पण अण्णांची सुरुवात कशी झाली? रात्री धाप लागली, जीपमधून नेलं, सही घेतली, मानेत नळी घातली. पुढं काय, हे कुणी सांगितलंच नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "शहाळं प्या, किडनी धुऊन निघते." वहिनींनी चार दिवस शहाळी दिली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. बंद पडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात साठलं की काळजाचे ठोके बिघडतात. अण्णा थोडक्यात वाचले.

मला मशीनवर जायच्या वर्षभर आधी बायकोसकट बोलावलं होतं. नर्सनं पोटात बसवायची नळी चक्क हातात दिली, "बघा दाबून." घरी पोटातून डायलिसिस, केंद्रात मशीन, प्रत्यारोपण, आणि डायलिसिस न करता नुसता त्रास आटोक्यात ठेवणं, अशा चारही वाटा समजावल्या. हातातल्या फिस्तुलावर, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, बोटं ठेवून घरघर रोज तपासायची, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, हेही तिनंच शिकवलं. अण्णांना ते मी फोनवरून सांगितलं.

एवढं असून पथ्याचा कागद मात्र केक आणि चिप्सबद्दल बोलत होता. आमटीचं काय? पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्यायचं, मग फोडणीला टाकायचा, हे मला पातेलं कॅमेऱ्यापुढं धरून वहिनींनी दाखवलं. त्यांना ते तासगावच्या एका बाईनं डायलिसिसच्या व्हरांड्यात शिकवलं होतं. सैंधव म्हणजेही मीठच, हेही तिथंच कळलं.

तो व्हरांडा आमच्याकडं नाही. इथं टॅक्सी घेऊन येते, टॅक्सी सोडते. मधले चार तास जो तो कानात हेडफोन घालून. शेजारची खुर्ची एका सोमवारी रिकामी दिसली, तर विचारायची सोय नाही. तिकडं कुणी आलं नाही की पाच घरांतून फोन जातात. मात्र शहाळ्याचा सल्ला त्याच आपुलकीतून येतो, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं, मशीनबरोबर त्या व्हरांड्यात एक पगारी माणूस बसवा. जुना पेशंट किंवा त्याच्या घरचं कुणी, महिनाभर शिकवून तयार केलेलं, आपल्या बोलीत सांगणारं. ग्रुपवर मी तसं लिहिलंही, आणि उद्घाटनाला त्या तासगावच्या बाईंना बोलवा म्हणालो. दोन अंगठे आले. तिसऱ्या मेसेजपासून पुन्हा फोटो.