पोरांना पाण्यापासून लांब ठेवून भागणार नाही, आपल्या भागात पोहायला शिकायचा स्विमिंग पूल हवा

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटली, सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर बडोद्यातल्या किती घरांत एकच नियम झाला, पाण्याजवळ फिरकायचं नाही. आमच्याकडेपण झाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, आता सांगा लांब ठेवणार कुठे मुलांना?

माझा भाचा ९ वर्षांचा. सिंधरोटला मही नदीत गुडघाभर पाण्यात खेळत होता, पाय खड्ड्यात गेला. मी चार पावलांवर उभी होते हो! ओरडला नाही, हात हलवले नाहीत, मान मागे टाकलेली, तोंड उघडं आणि केस डोळ्यांवर. मला वाटलं खेळतोय. ताईला कळलं, तिने ओढणी फेकली, त्याने घट्ट धरली म्हणून आज आहे. बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडतच नाही, श्वास घ्यायलाच पुरत नाही तर हाक कुठून मारणार, हे मला त्या दिवसानंतर वाचून कळलं.

आजोबांना पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं, तसे शिकले. आता विहिरी बुजल्या, विश्वामित्रीत मगरी. लालबागचा पूल आहे, मी तिथेच शिकले, पण एवढ्या शहराला तो कसा पुरणार.

मला शर्यतीचा मोठा पूल नकोय. २५ बाय १० मीटर, खोली साडेतीन फूट, बस. पाणी पावणेतीन लाख लिटरच्या आसपास लागेल पण तेच फिल्टर होऊन फिरतं, रोज नवं भरावं लागत नाही. तिथे मुलांनी पाठीवर तरंगायला शिकावं, पडल्यावर वळून कडा धरायला, लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळायला, आणि दुसरा बुडताना आपण उडी न मारता दोरी, काठी, ओढणी फेकायला. शाळेच्या वयातल्या मुलांना हे शिकवा असं जागतिक आरोग्य संघटनापण सांगते. बायकांची वेगळी बॅच आणि बाईच कोच हवी, नाहीतर आया येणार नाहीत, त्यांच्यामागे मुलीपण राहतील. आणि महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना फी नको म्हणजे नकोच. सयाजीराव महाराजांनी १९०६ मधे अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, मग त्यांच्या गावात तरंगणं पैसेवाल्यांपुरतंच का?

नगरसेवकांना द्यायचा अर्ज तयार आहे. रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या गेटपाशी बसतेय, सही करायला या, येताना शेजारच्यांनापण घेऊन या.