पळायचं बटण

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पळायला वेगळं बटण ज्याने दिलं, त्याला माणसाच्या स्वभावाची पक्की जाण असणार. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ते उजव्या तर्जनीखाली येतं. नाव आर-टू. मॅच सुरू झाली की तर्जनी तिथे जाऊन बसते, ती शेवटच्या शिट्टीलाच उठते. गडी चेंडूमागे पळतोय, दाबलंय. चेंडू घेऊन पळतोय, दाबलंय. थ्रो-इन घ्यायला नुसता उभा आहे, तरी दाबलेलंच. लिफ्टचं बटण आधीच पेटलेलं दिसत असूनही पुन्हा दाबणारी माणसं आपण. समोर बटण असून दाबायचं नाही, हे जमायचं कसं?

या बटणामागचं शास्त्र मला तोंडपाठ आहे. जोरात पळणारा खेळाडू चेंडू पायापासून लांब ढकलतो, त्याला वळायला जास्त जागा लागते, आणि चेंडू मोकळा सुटला की समोरचा पाय घालून तो काढून नेतो. बटण सोडलं की तोच चेंडू बुटाला चिकटल्यासारखा राहतो. शिवाय सतत पळवलेल्या गड्याचा दम दुसऱ्या हाफमध्ये संपतो आणि ऐन मोक्याच्या वेळी तो बाजारहाट करून परतल्यासारखा चालतो. यावर मी व्याख्यान देऊ शकतो. दिलंही आहे. व्याख्यान चालू असताना तर्जनी आर-टूवरच होती.

सुरुवातीला कुठे काही बिघडलं होतं? या खेळात अवघडपणाच्या पायऱ्या असतात. बिगिनर, अमॅच्युअर, सेमी-प्रो, प्रोफेशनल, वर्ल्ड क्लास, लेजंडरी, अल्टिमेट. अमॅच्युअरवर मी सम्राट होतो. बचावपटू अदबीने बाजूला व्हायचे, गोलकीपर माझ्या फटक्यांना वाट करून द्यायचा, आणि समालोचक माझं कौतुक करताना थकत नसत. त्या भरात मी वर्ल्ड क्लास निवडलं. तिथे तेच गडी एकदम माणसात आलेले. ते एकमेकांना पास देऊ लागले. मी चेंडूच्या मागे, चेंडू माझ्या पुढे, आणि पळता भुई थोडी. समालोचकांनी माझं नाव घेणंच सोडलं.

पुतण्या या खेळात तरबेज आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, शिकव. त्याने थोडा वेळ माझा खेळ पाहिला आणि म्हणाला, "काका, तू सारखं काहीतरी करत असतोस. जरा काही करू नकोस ना." ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘वर्गात शांत बसत नाही’ असा शेरा आहे, त्याने मला हे सांगावं!

पण पोरगं खरं बोललं होतं. बचाव करायला घेतला की ते पटतं. टीव्हीसमोर बसून बड्या बड्या बचावपटूंना "अरे, पुढे काय जातोस, जागेवर थांब!" असं ओरडणारा मी, इथे चेंडू दिसला रे दिसला की सेंटर-बॅकला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूला, घेऊन धावत सुटतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सेंटर-बॅक पुढे आला की मागे भलंमोठं भगदाड पडतं. समोरचा शांतपणे त्रिकोणाचं बटण दाबतो, थ्रू-बॉल, म्हणजे बचावपटूंच्या मधून पुढे सोडलेला पास, त्या भगदाडातून जातो, आणि माझा गोलकीपर एकटा पडतो. जुन्या फिफामध्ये, म्हणजे याच गेमच्या आधीच्या आवृत्त्यांत, एक सोय होती. एक्स दाबून धरलं की आपला गडी आपणहून चेंडूवाल्याच्या अंगाशी जाऊन लोंबकळायचा. फिफा १२ मध्ये ‘टॅक्टिकल डिफेंडिंग’ आलं आणि ते लाड आपोआप मिळेनासे झाले. आता एल-टू बटण धरून चेंडूकडे तोंड ठेवायचं, बाजूबाजूला सरकायचं, वाट अडवायची आणि समोरच्याचा चेंडू पायापासून सुटला की मगच टॅकल. बाकी वेळ नुसतं उभं राहायचं. नुसतं उभं राहणं इतकं दमवतं, हे मला माहीत नव्हतं.

त्यात गडी बदलायचं बटण. एल-वन दाबलं की डोक्यावरचा छोटा त्रिकोण एका खेळाडूवरून दुसऱ्यावर जातो. कल्पना अशी की तो चेंडूजवळच्या गड्यावर जावा. मी दाबतो, तो भलत्यावर जातो. घाबरून पुन्हा दाबतो, तिसऱ्यावर. माझा अंगठा मात्र पहिल्या गड्याच्या हिशेबाने डावीकडेच रेटलेला असतो, त्यामुळे तिसरा गडी हुकूम मिळाल्यासारखा चेंडूकडे पाठ करतो आणि तरातरा डावीकडे निघतो. स्टेडियम ओरडतंय, पेनल्टी बॉक्समध्ये आग लागलीय, आणि हा आपला मैदानाच्या कडेच्या रेषेच्या दिशेने फिरायला चाललाय. पुढे कळलं की उजव्या स्टिकने दिशा दाखवून हवा तो गडी निवडता येतो. कळलं म्हणजे पुतण्याने सांगितलं. "हे सगळ्यांना माहीत असतं, काका."

आणखी एक युक्ती त्यानेच दिली. सेंटर-बॅकना हात लावायचा नाही, ते कॉम्प्युटरवर सोडायचे. आपण डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे त्यांच्या पुढे उभा असणारा गडी, घेऊन मागे यायचं. करून पाहिलं आणि एक अप्रिय गोष्ट ध्यानात आली. मैदानावरच्या माझ्या अकरांपैकी दहा जण दर क्षणी कॉम्प्युटर चालवतो आणि एक मी. ते दहा जण आपापली जागा धरून, लाइन सांभाळून, शहाण्यासारखे खेळत असतात. गोल नेमका अकराव्याच्या बाजूने होतो. मी ज्याच्यावरचा हक्क सोडतो, तो लगेच सुधारतो. घरातल्या मंडळींना यात नवल वाटलं नाही.

मधल्या काळात मला कलेचा नाद लागला. रेनबो फ्लिक म्हणजे चेंडू टाचेने उचलून स्वतःच्या आणि समोरच्याच्या डोक्यावरून न्यायचा. उजवी स्टिक खाली, वर, वर. फिफा १३ पासून गेममध्येच सरावाचे छोटे खेळ आले, तिथे मी घाम गाळला. शंकूंच्या मधून मी चेंडू काय नेतो म्हणून सांगू! शंकू टॅकल करत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मॅचमध्ये हीच कला दाखवायला गेलो तर काहीच घडेना. प्रत्येक खेळाडूला कौशल्याचे तारे असतात, एक ते पाच, आणि कमी ताऱ्यांच्या गड्याला अशा करामती येतच नाहीत, ही माहिती उशिरा मिळाली. मी एका धिप्पाड बचावपटूकडून, तोही आमच्याच गोलसमोर, इंद्रधनुष्य काढून घेऊ पाहत होतो.

हरणाऱ्याची कारणं हा वेगळा विषय आहे आणि त्यात माझा अभ्यास खेळापेक्षा दांडगा आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. आमच्या अंगणाला लॅग म्हणतात, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर. नेट स्लो आहे, बटण उशिरा लागलं, कंट्रोलरची स्टिक सैल झालीय, नव्या आवृत्तीत पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही. हे शेवटचं कारण दरवर्षी ताजं मिळतं, कारण गेमही दरवर्षी नवा येतो. १९९३ पासून चालत आलेलं फिफा हे नाव फिफा २३ नंतर गेलं आणि २०२३ मध्ये त्याचं ईए स्पोर्ट्स एफसी २४ झालं. तिकडे कोनामी कंपनीचं प्रो इव्होल्यूशन सॉकर, म्हणजे पेस, २०२१ पासून ई-फुटबॉल झालं. जुने लोक अजूनही पेस ६ मधल्या ब्राझीलच्या आद्रियानोची आठवण काढून उसासे टाकतात. त्याची शॉट पॉवर, म्हणजे फटक्याचा जोर, ९९ होती. तेव्हा खेळात सुधारणा करणं म्हणजे त्याला पास देणं.

सर्वांत भारदस्त कारण मात्र ‘मोमेंटम’. म्हणजे आपण जिंकत आलो की गेमच गुपचूप आपल्या गड्यांचे पाय जड करतो, अशी पराभूतांची श्रद्धा. २०२० मध्ये अमेरिकेत यावरून खटलासुद्धा झाला. गेम काढणाऱ्या ईए कंपनीने असं काही ऑनलाइन सामन्यांत वापरत नसल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षी तो खटला भरणाऱ्यांनीच मागे घेतला. श्रद्धेला त्याने धक्का लागलेला नाही. मॅच जिंकलेल्या माणसाने मोमेंटमची तक्रार केल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

खरं शिक्षण मला मिळालं ते अपमानातून. ऑनलाइन गोल खाल्ला की समोरचा रिप्ले दाखवतो. भला माणूस असेल तर बटण दाबून पुढे सरकतो. भली माणसं फार नाहीत. बहुतेक जण तो अख्खा दाखवायचे, या बाजूने, त्या बाजूने, मग संथ गतीत, आणि त्याआधी त्यांच्या खेळाडूने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलेलं असायचं. मी दात-ओठ खात बघायचो. मग नुसतं बघायला लागलो. प्रत्येक रिप्लेत एक माणूस हटकून दिसायचा, जिथे असायला हवा तिथून वीस पावलं दूर, जिवाच्या आकांताने पळत असलेला. त्याच्या डोक्यावर माझा त्रिकोण.

तेव्हापासून तर्जनीला वळण लावतोय. पास घेताना बटण सोडायचं, पहिला टच होऊ द्यायचा, मान वर करून बघायचं, मग पुढचा पास. फटका मारताना पॉवरची पट्टी अर्ध्याच्या आसपास थांबवायची, नाहीतर चेंडू प्रेक्षकांत. शरीर अजून ऐकत नाही. गडी डावीकडे वळला की मी खुर्चीत डावीकडे झुकतो, कंट्रोलरही हवेत वळवतो, जसं काही वायर ओढून तो जास्त वळणार आहे. पण गोल कमी खाऊ लागलो. कंटाळवाणा झालो म्हणा ना. पुतण्याच्या शब्दांत, "काका, तुझ्याशी खेळताना झोप येते." इतकी शाबासकी मला अमॅच्युअरच्या समालोचकांनीही दिली नव्हती.

मग एकदा त्याच्याशी मॅच लागली. शून्य-शून्य, सामन्याच्या घड्याळात ऐंशी मिनिटं उलटलेली. त्याचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा गडी, माझ्या फुलबॅकसमोर, म्हणजे कडेच्या बचावपटूसमोर, आला आणि पायाने चेंडूवर नक्षी काढू लागला. मी एल-टू धरून उभा. त्याने इकडून हूल दिली, मी उभा. तिकडून दिली, उभाच. शेवटी वैतागून त्याने रेनबो फ्लिक मारली, चेंडू उडाला तो थेट माझ्या फुलबॅकच्या छातीवर. तिथून एक पास, दुसरा पास, त्रिकोणाचं बटण, आणि माझा स्ट्रायकर गोलकीपरसमोर एकटा. गोल. मी रिप्ले पूर्ण दाखवला. या बाजूने, त्या बाजूने, मग संथ गतीत.

शिट्टी झाल्यावर पुतण्याने कंट्रोलर गादीवर टाकला आणि म्हणाला, "लॅग होता."

दोघांचे कंट्रोलर एकाच प्लेस्टेशनला जोडलेले होते, आणि नेट सकाळपासून बंद होतं.