‘चूक समोरच्याची, भुर्दंड मला’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर. आनेवाडी टोलनाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला पिकअपने मागून ठोकलं, तुमची काडीची चूक नव्हती, तरी आम्ही 11,880 रुपये घेतले, गाडी 19 दिवस अडकवली आणि विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरशी आमचं ‘सेटिंग’ आहे, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमचं चुकलं ते. चार-पाच दिवसांत गाडी देतो, हे मी बंपर न उतरवताच बोलून बसलो. उतरवल्यावर आतला बॅक पॅनल दबलेला निघाला. विमा कंपनीला वाढीव इस्टिमेट पाठवलं, आणि सर्व्हेअर पुन्हा बघून जाईपर्यंत पॅनलला हात लावता येत नव्हता. त्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात आम्ही एक फोन करायला हवा होता, तो केला नाही. उलट तुमचेच दोन फोन उचलले गेले नाहीत. माफ करा.

आता पैशांचं. आकडा तुम्हीच इथे टाकलाय, म्हणून हिशोबही इथेच देतो. क्लेम तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर घेतलात. तिथे चूक कोणाची हे बघून पैसे वाढत नाहीत, बदललेल्या भागांवर घसारा कापतात, म्हणजे जुन्या भागाच्या झिजेचा वाटा गिऱ्हाईकाने भरायचा. प्लास्टिकला निम्मा: बंपर 4,800 चा, तुमचे 2,400, टेललॅम्प 5,200 चा, तुमचे 2,600. पत्र्याला साडेतीन वर्षांच्या गाडीवर 25 टक्के, म्हणून 16,000 च्या डिकीत तुमचे 4,000. पेंटिंगच्या 12,000 मधला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचा निम्मा, म्हणजे 1,500, तुमच्याकडे. सीलंट आणि क्लिपांचे 380. वर 1,000 सक्तीची कपात, जिला सगळे ‘फाइल चार्ज’ म्हणतात. ते आमच्या गल्ल्यात जात नाहीत, कंपनी तेवढे कमी देते. बॅक पॅनल ओढून सरळ केला, बदलला नाही, म्हणून त्यावर घसारा नाही. काचेवरही नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असतं तर यातला बराचसा भाग वाचला असता.

सर्व्हेअर विमा कंपनी नेमते, आम्ही नाही. त्याने आमच्या मजुरीतून 1,400 रुपये कापले आणि ते आम्ही तुमच्याकडून घेतले नाहीत. असं सेटिंग कोण करतं?

खरा भुर्दंड तुमच्या रिव्ह्यूत आलेलाच नाही. तुमचा 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या रिन्यूअलला शून्य होईल. हे मी पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगितलं होतं. दुसरा रस्ताही सांगितला होता: पोलिसांत नोंद करून पिकअपवाल्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावायचा. तुम्ही म्हणालात, ‘कोर्टाच्या पायऱ्या नकोत, गाडी चालू करून द्या.’ तुमच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. वर्षानुवर्षे बघतोय, पत्रा चेपलेला माणूस बहुतेक वेळा हेच करतो, आणि ठोकणारा मोकळा सुटतो. हा राग रास्त आहे, फक्त तो आमच्या बिलावर निघाला.

कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. कंपनीने दिलेले पैसे पुन्हा मागता येणार नाहीत, पण तुमच्या खिशातून गेलेले मागता येतील का, हे वकिलाला विचारा. बिल, दोन्ही इस्टिमेट आणि ठोकलेल्या गाडीचे फोटो यांची फाइल काढून ठेवलीय. पार्किंग सेन्सरची वायर सैल राहिली, ती आमचीच कसूर. गुरुवार सोडून कधीही या, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागणार नाहीत.