सेरेनाच्या आधीची अल्थिया

टेनिसमधील कृष्णवर्णीय महिलांवरील एक लेख वाचला. तो विल्यम्स भगिनींपासून सुरू होतो आणि अमेरिकन टेनिसपटू अल्थिया गिब्सनला केवळ एका वाक्यात उरकतो, हे खटकले. १९९९ मध्ये सेरेनाने अमेरिकन ओपन जिंकली, त्यापूर्वी ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी शेवटची आफ्रिकी-अमेरिकन महिला गिब्सनच होती, आणि तेही १९५८ मध्ये.

कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा ती वर्षानुवर्षे जिंकत होती. परंतु मुख्य राष्ट्रीय स्पर्धेचे दार ज्या पात्रता स्पर्धांतून उघडत असे, त्या केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या क्लबांत होत असल्याने गुणवत्ता सिद्ध करण्याची संधीच तिला नाकारली जात होती. माजी विजेत्या ॲलिस मार्बल यांनी १९५० मध्ये एका टेनिस मासिकातून या ढोंगावर कोरडे ओढले, तेव्हा कुठे तिला फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे न्यूयॉर्कमधील त्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत, प्रवेश मिळाला. तेथे विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रॉविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ती ७-६ अशी पुढे, विजयापासून एकच गेम दूर असताना वादळाने सामना थांबला आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातून निसटला.

विम्बल्डन दोनदा जिंकूनही, त्या काळी हौशी खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नसल्याने, तिची चणचण संपली नाही. पुढे ती व्यावसायिक गोल्फकडे वळली, तर काही क्लबांनी तिला कपडे बदलण्याची खोलीही वापरू दिली नाही. बूट मोटारीत बसून बदलावे लागत. लेखात ‘अडथळे मोडले’ असे म्हटले आहे, पण विजेतेपदानंतरही उभ्या राहिलेल्या या अडथळ्यांचा उल्लेख त्यात कोठेच नाही.